गिरणी गेली तरी क्लब राहिला: जिलाँगच्या फुटबॉलची सुरुवात

या महिन्यात पत्रं बरीच आली, पण एका आजींच्या पत्रानं सगळी जागा घेतली आणि त्याला जोडूनच बाकीच्यांचे प्रश्न आले, म्हणून हा अंक त्या एकाच विषयाला देतोय.

प्रश्न: नमस्कार. माझी लेक आणि जावई ऑस्ट्रेलियात जिलाँग म्हणून गाव आहे तिथं असतात. नातू नऊ वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर बसतो तेव्हा मांडीवर इथून नेलेली आपली चादर आणि अंगात निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट, थंडी असो नसो. परवा म्हणाला, आजी आमचा क्लब १८५९ चा आहे. मी म्हटलं बाळा, सत्तावनचं बंड होऊन दोन वर्षं होतायत तेव्हा, एवढा जुना कसा असेल क्लब. तो रडायलाच लागला. खरं काय ते सांगा. आणि तो म्हणतो आजी तू आमची मॅच बघ, पण मला त्यातलं काही कळत नाही, तेही सांगा. — एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर: आजी, नातवाचं बरोबर आहे, आज कॉल कराल तेव्हा आधी त्याला तेवढं सांगून टाका. जिलाँग फुटबॉल क्लबची स्थापना १८ जुलै १८५९ ची. आपल्या सोलापुरात रेल्वे आली १८६० ला, म्हणजे तुमच्या नातवाचा क्लब आपल्या स्टेशनपेक्षा जुना आहे. आज तिथली जी सगळ्यात मोठी स्पर्धा आहे, ए.एफ.एल. म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, त्यातला हा दोन नंबरचा जुना क्लब, पहिला मेलबर्न.

आता हा कुठला फुटबॉल तर तो आपण पार्क मैदानावर बघतो तो फुटबॉल नाही आणि रग्बीपण नाही. याला ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतात. बॉल लांबट, मैदान अंडाकृती कारण ते क्रिकेटचंच मैदान, एका बाजूला १८ जण, हातापायानं दोन्हीनं खेळायचं पण बॉल फेकायचा नाही, पास द्यायचा तर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा.

आणि सुरुवात क्रिकेटपासूनच झाली बघा. टॉम विल्स म्हणून एक माणूस, जन्म ऑस्ट्रेलियातला, बापानं चौदाव्या वर्षी शिकायला इंग्लंडला रग्बी नावाच्या शाळेत धाडला, तिथं क्रिकेटचा कॅप्टन झाला आणि १८५६ च्या शेवटाला परत आला. परत येऊन बघतो तर थंडीत क्रिकेट बंद आणि पोरं नुसती बसून. त्यानं एका पेपरला पत्र लिहिलं, ते १० जुलै १८५८ ला छापून आलं, मुद्दा एवढाच की हिवाळ्यात अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढा आणि नियम ठरवायला कमिटी नेमा. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट असतो हे लक्षात घ्या, आपल्याकडं वारी चालते तेव्हा. तर एवढ्या एका पत्रातून पुढचं सगळं उभं राहिलं. मला स्वतःला हे फार भारी वाटतं, कारण मीही महिन्याला लोकांची पत्रंच वाचतो.

प्रश्न: सर मी बी.पी.एड.चा विद्यार्थी आहे. नेटवर बघितलं तर कुठं १८५८ दिलंय कुठं १८५९, आणि कुणी म्हणतं टॉम विल्सनंच सगळं केलं. नक्की काय धरायचं? परीक्षेला नाही, स्वतःला पाहिजे म्हणून विचारतोय. — एक विद्यार्थी, भवानी पेठ

उत्तर: स्वतःसाठी विचारलंस म्हणून सविस्तर सांगतो. दोन्ही सालं खरी आहेत, फक्त दोन्हीचं काम वेगळं आहे. १८५८ ला नुसतं खेळणं सुरू झालं. ७ ऑगस्ट १८५८ ला मेलबर्नमधल्या दोन शाळा, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर, एकमेकांविरुद्ध उतरल्या. क्रिकेट मैदानाच्या बाजूच्या मोकळ्या पार्कात, मधे झाडं उभी, एका बाजूला साधारण ४० जण, दोन गोलांमधलं अंतर जवळजवळ अर्धा मैल! म्हणजे हुतात्मा चौकात एक गोल आणि दुसरा पार भलतीकडंच. पहिल्या दिवशी दोघांचा एकेक गोल झाला आणि अंधार पडला. मग २१ ऑगस्टला परत, मग ४ सप्टेंबरला परत, तीन शनिवार खेळूनही कुणी दुसरा गोल करू शकलं नाही, शेवटी बरोबरी. दोन अंपायरपैकी एक विल्स आणि दुसरे जॉन मॅकाडम, हे डॉक्टर आणि रसायनशास्त्र शिकवणारे, आपण ड्रायफ्रूटच्या दुकानात मॅकाडेमिया म्हणून महागडं बी बघतो ते यांच्याच नावावरून. त्या दोन शाळा आजही दरवर्षी एका कपासाठी भिडतात.

पण एवढ्यानं क्लब होत नाही. क्लब व्हायला नियम लागतात आणि ते १७ मे १८५९ ला लिहिले गेले, मेलबर्न क्लब नुकताच रीतसर उभा राहिला होता तेव्हा. जागा म्हणजे क्रिकेट मैदानाजवळचं परेड हॉटेल, मालक जेरी ब्रायंट, स्वतः क्रिकेटवाला. टेबलाभोवती विल्स, हॅमर्सली, थॉम्पसन आणि स्मिथ. यात गंमत बघ, विल्स रग्बी शाळेचा, हॅमर्सली आणि थॉम्पसन केंब्रिजचे, स्मिथ डब्लिनला शिकलेला आणि तेव्हा स्कॉच कॉलेजात मास्तर. प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या गावचा फुटबॉल. आपल्या सोलापुरात तेलुगू पोरं चेडुगुडू म्हणायची आणि मराठी पोरं हुतुतू, आणि एका गल्लीत आली की आधी नियमांवरून तासभर भांडण, तसंच हे. समोर रग्बी, ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा शाळांचे नियम होते, ते वाचून झाले आणि यांना ते आपल्या कामाचे वाटेनात. मग साधे सोपे दहा नियम केले, एका कागदावर मावतील एवढे. तो हातानं लिहिलेला कागद मेलबर्न क्रिकेट क्लबकडं आजही जपून ठेवलाय.

त्या दहातले दोन-तीन सांगतो कारण खरा जीव तिथंच आहे. कुणाच्याही पायानं उडालेला बॉल थेट झेलला की 'मार्क' म्हणायचं आणि मग त्याला कुणी अडवायचं नाही, त्यानं निवांत किक मारायची. हा झेल थोड्याफार बदलानं आजही खेळात आहे आणि आज लोक याच झेलासाठी तिकीट काढतात, पोरं दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढून बॉल धरतात. दुसरं, पाय आडवा घालून पाडणं आणि ढकलणं चालेल, पण नडगीवर लाथ मारायची नाही. इंग्लंडच्या शाळांत लाथ चालायची, तिथं ओली मऊ जमीन आणि खेळणारी शाळकरी पोरं, इथं कडक जमीन आणि खेळणारे बाप्ये, ज्यांना सोमवारी कामाला जायचंय. बॉल फेकायचा नाही हेही तेव्हापासूनचं. आणि ऑफसाइड नावाचा प्रकार त्यात नव्हताच, अजूनही नाही, म्हणून मैदानभर माणसं पसरलेली दिसतात.

आता तारीख जुळव. लंडनची फुटबॉल असोसिएशन, जिच्या नियमांतून आजचा जगभरचा फुटबॉल आला, ती १८६३ ची. रग्बी युनियन १८७१ ची. म्हणजे मेलबर्नच्या हॉटेलातला कागद दोन्हीच्या आधीचा! ज्या देशाला लोक तेव्हा सोनं खणायची जागा म्हणून ओळखायचे तिथं हे झालं.

बॉल घेऊन पळताना टप्पा मारायचा नियम मात्र नंतरचा, १८६६ चा. तेव्हा नियम परत बसून नीट केले त्यात एच. सी. ए. हॅरिसन पुढं होता, विल्सचा नातेवाईक आणि पुढं मेहुणा. त्यामुळं एकाच माणसाच्या नावावर सगळं टाकू नकोस. विल्सचं पत्र नसतं तर सुरुवात लांबली असती हे खरं, पण टेबलावर चौघं होते आणि नंतरही लोक येत गेले.

प्रश्न: हा खेळ मुळात तिथल्या आदिवासींचा असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, अशोक चौक

उत्तर: यावर तिथं मोठा वाद आहे. आदिवासींमध्ये मार्नग्रूक नावाचा खेळ होता, पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा बॉल करून उंच उडवायचा आणि उड्या मारून धरायचा. विल्सचं बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुरुंग लोकांच्या पोरांबरोबर गेलं, त्यांची भाषा त्याला यायची. त्यावरून काहीजण म्हणतात त्यानं तिथूनच उचललं. पण विल्सनं स्वतः कुठं तसं लिहून ठेवलेलं नाही आणि त्या दहा नियमांत शाळांच्या नियमांची छाप स्पष्ट दिसते, त्यामुळं बरेच इतिहासकार मानत नाहीत.

त्या माणसाचं आयुष्य मात्र वाचताना पोटात कालवतं. ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलंडला कलिन-ला-रिंगो इथं आदिवासींच्या हल्ल्यात त्याचा बाप आणि आणखी १८ जण मारले गेले, हा कामासाठी बाहेर गेला होता म्हणून वाचला. आणि त्यानंतर पाचच वर्षांत हाच विल्स आदिवासी पोरांच्या क्रिकेट टीमचा कोच झाला आणि १८६६ च्या नाताळात त्यांना घेऊन मेलबर्नच्या मैदानावर उतरला. त्या टीममधले बरेचजण पुढं १८६८ ला इंग्लंडला जाऊन खेळले, तेव्हा विल्स नव्हता सोबत. शेवटी दारूनं खाल्लं त्याला, १८८० च्या मे महिन्यात त्यानं जीव दिला. वय अवघं ४४.

प्रश्न: मी गिरणीत ३० वर्षं काढली. आमच्या चाळीतपण मंडळ होतं, लेझीम होतं, कबड्डीची टीम होती. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, मंडळाचा फक्त बोर्ड राहिला. जिलाँगपण लोकरीच्या गिरण्यांचं गाव असं आजींच्या नातवाच्या गावाबद्दल माझा पुतण्या सांगत होता. मग त्यांचा क्लब १६० वर्षं कसा टिकला हो? — एक निवृत्त कामगार, जुनी गिरणी परिसर

उत्तर: काका, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस थांबलो. पुतण्या बरोबर सांगतोय. जिलाँग म्हणजे लोकरीचं गाव, मोठमोठी गोदामं, बंदर, गिरण्या, आज त्यातल्या एका जुन्या गोदामात लोकरीचं म्युझियम आहे. मेलबर्नपासून ७५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपलं सोलापूर-पंढरपूर. १८५७ लाच रेल्वे झाली होती त्यामुळं टीमला मेलबर्नला जाऊन खेळता यायचं आणि मेलबर्नवाले यांच्या गावाला झोपाळू गाव म्हणून हिणवायचे. त्याच झोपाळू गावानं पुढं त्यांना रडवलं.

विल्सही मेलबर्न सोडून बरीच वर्षं जिलाँगकडूनच खेळला, कॅप्टन होता. १८७७ ला सगळ्या क्लबांनी मिळून असोसिएशन काढली, आपल्या जुन्या गिरणीचा भोंगा वाजायला लागला तेच साल. आणि दुसऱ्याच वर्षी, १८७८ ला, जिलाँगनं विजेतेपद मारलं. मग ७९, ८०, ८२, ८३, ८४, ८६. नऊ वर्षांत सात वेळा! १८८६ ला साउथ मेलबर्नविरुद्धच्या मॅचला ३० हजारांच्या वर माणूस लोटला होता. एवढी गर्दी कुठून, तर मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ ला संप करून आठ तासांचा दिवस मिळवला आणि पुढं हळूहळू शनिवारी दुपारी सुट्टी द्यायची पद्धत पडली. दुपारी भोंगा झाला की कामगार थेट मैदानावर. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

१८९७ ला आठ क्लब फुटून नवी लीग झाली त्यात जिलाँग होतं, आणि त्या आठांत मेलबर्न शहराबाहेरचं हे एकटंच. मग मात्र २८ वर्षं कप नाही. महायुद्धात १९१६ ला खेळलेच नाहीत, दुसऱ्या युद्धात १९४२ आणि ४३ ला प्रवासावर बंधनं म्हणून परत बंद, त्यांचं जुनं कोरायो ओव्हल मैदान मिलिटरीनं घेतलं आणि क्लब कार्डिनिया पार्कला गेला, आजही तिथंच आहे. या नव्या लीगमधला पहिला कप आला १९२५ ला. त्याच वर्षी फोर्ड कंपनीनं लोकरीच्या एका रिकाम्या गोदामात मोटारी जोडायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ती क्लबला पैसा देत आली. २०१६ ला कारखान्यातलं उत्पादन बंद झालं. गिरण्याही बऱ्याच गेल्या होत्या. काका, तुमच्यासारखी हजारो माणसं तिथंही गेटबाहेर आली. आणि २०२२ ला क्लबनं परत कप आणला.

कसा टिकला तर माझ्या मते यामुळं: क्लब कधी गिरणीचा नव्हता, मालकाचा नव्हता. तो मेंबरांचा होता आणि आहे. दरवर्षी वर्गणी भरायची, कार्ड घ्यायचं, मत द्यायचं. बापाचं कार्ड पोरगा घेतो. आपल्या चाळीतल्या मंडळाची खोली गिरणीची, लाइट गिरणीची, कपडे गिरणीचे, मग कुलूप लागलं तेव्हा सगळ्यालाच लागलं. तुमच्याकडं मंडळाची वर्गणीची वही, हजेरीची वही, जुने फोटो काही असतील तर रद्दीत घालू नका, मला निरोप द्या, मी घरी येऊन फोटो काढून घेतो. मेलबर्नचा तो एक कागद कुणीतरी फेकला असता तर आज आपल्याला हे काहीच सांगता आलं नसतं.

प्रश्न: जिलाँगवाल्यांना 'कॅट्स' का म्हणतात? — सहावीतली एक मुलगी, विजापूर वेस

उत्तर: १९२३ ला टीम सारखी हरत होती, तेव्हा पेपरातल्या एका व्यंगचित्रकारानं काळी मांजर काढली आणि म्हटलं हिला ठेवा, नशीब फिरेल. आपल्याकडं काळी मांजर आडवी गेली की लोक थांबतात, तिथं तिनं टीमला नाव दिलं. दोन वर्षांनी कप आला.

आता आजी, तुमचा राहिलेला प्रश्न. तिथल्या थंडीत त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं असतं, त्यामुळं त्यांची शनिवार दुपारची पावणेदोनची मॅच आपल्याकडं सकाळी सव्वानऊला लागते, तुमची पूजा, चहा सगळं आटोपलेलं असतं. मैदानाच्या टोकाला चार खांब दिसतील, मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. मधल्या दोघांतून पायानं मारलेला बॉल गेला की सहा पॉइंट, उंच आणि बुटक्याच्या मधून गेला की एक. एवढं कळलं की निम्मी मॅच कळली. आणि खांबाजवळ एक अंपायर उभा असतो त्याच्याकडं लक्ष ठेवा. त्यानं दोन्ही हातात पांढरे झेंडे घेऊन हलवले तर गोल झाला, तेव्हा नातवाला लगेच फोन लावा. एकच झेंडा हलवला तर थोडं थांबा.