आठ लाखांवर सही करण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपवाल्या वाचकाचं पत्र आहे. वय ३८. दीड वर्षापूर्वी सांगली-कोल्हापूर रस्त्यावर ट्रकने कट मारला, दुचाकीवरून पडले, उजव्या पायाची नडगी आणि घोटा मोडला, आत प्लेट बसवली. हॉस्पिटलचं बिल ३ लाख ८० हजार, त्यातले ३ लाख मेडिक्लेमने दिले. सहा महिने दुकान बंद. दाखल्यावर उजव्या पायाचं ३० टक्के अपंगत्व. बायकोच्या पाटल्या आणि गंठण पतसंस्थेत गहाण ठेवून २ लाख ६० हजार उचलले आहेत, व्याज १३ टक्के. आता ट्रकच्या विमा कंपनीकडून निरोप आलाय: येत्या लोकअदालतीत ८ लाख घ्या आणि मोकळे व्हा. वकील म्हणतात, लढलात तर २२ लाख मिळतील, माझे १५ टक्के. मेहुणा म्हणतो, आठ घे, दोघांत मिळून प्लॉट घेऊ. “सर, काय करू?”

आठला हो म्हणू नका. पण २२ चं स्वप्नही सोडून द्या. या दोन आकड्यांमध्ये १४ लाखांचा फरक का पडला, तेवढं कळलं की निर्णय सोपा होईल.

तुमचा दावा ज्याच्यापुढे आहे ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भविष्यातलं नुकसान कसं मोजतं ते आधी बघा. तुमची आयकराची रिटर्नं वर्षाला २ लाख ४० हजारांची आहेत. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले ३ लाख ३६ हजार. वयाप्रमाणे गुणक ठरतो, तो तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. ३६ ते ४० वयाला १५. गुणाकार ५० लाख ४० हजार. अपंगत्वाने कमाईची ताकद जेवढे टक्के गेली, यातले तेवढे टक्के तुमचे. सगळं भांडण त्या टक्क्यांचं आहे.

वकिलांनी दाखल्यावरचे ३० टक्के जसेच्या तसे धरले: १५ लाख १२ हजार. त्यात दवाखान्याचं पूर्ण बिल, सहा महिन्यांची बुडालेली कमाई १ लाख २० हजार, आणि वेदना, प्रवास, सोबतीचा माणूस, पुढे प्लेट काढायचा खर्च असे दीड लाख. बेरीज २२ च्या आसपास. कंपनीने १० टक्के धरले, बिलातून मेडिक्लेमचे ३ लाख वजा केले, बाकीचं आखडतं घेतलं. बेरीज आठ.

दोघांचंही पूर्ण बरोबर नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की एका अवयवाचं अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचं नव्हे, आणि शरीराचं अपंगत्व म्हणजे कमाईचं नव्हे. खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा घोटा आखडला तर त्याच्या पगारात फारसा फरक पडत नाही. तुमचं तसं नाही. उकिडवं बसून गेटच्या खालच्या पट्टीला टाके मारायचे, शिडीवर एका पायावर तोल सांभाळत ट्रस जुळवायचा, हे काम घोट्यावरच चालतं. तुम्ही लिहिलंय की परत दुकान उघडल्यापासून खाली बसायच्या कामाला ७०० रुपये रोजाने वेल्डर ठेवलाय. पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते आहे, आणि तुम्ही ते कंसात टाकलंय! महिन्याला २५ रोज धरले तरी साडेसतरा हजार झाले. त्याची मजुरी यापुढे रोख देऊ नका, खात्यावर टाका, मागच्या महिन्यांच्या वहीची प्रत वकिलांकडे द्या. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होईल तेव्हा “हा माणूस वेल्डिंगचं काम पूर्वीसारखं करू शकतो का” हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. नुसता कागद जोडून भागत नाही.

एवढं केलंत तर १५ टक्के धरायला मला संकोच वाटत नाही, कदाचित थोडे वरही जातील.

मेडिक्लेमबद्दल तर कंपनीचं म्हणणं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्येच फेटाळलंय. तुम्ही हप्ते भरून घेतलेल्या पॉलिसीचे पैसे ट्रकच्या विमा कंपनीला वजा करून घेता येत नाहीत. निकालाची प्रत लोकअदालतीच्या दिवशी वकिलांच्या फाइलमध्ये असू द्या.

म्हणजे १५ टक्क्यांनी ७ लाख ५६ हजार, वर बिल, बुडालेली कमाई आणि इतर खर्चाचे साडेसहा. १४ लाख. आता दुखरा भाग. पंचनाम्यात तुमची गाडी रस्त्याच्या मधल्या पट्ट्याजवळ पडलेली दाखवली आहे. दोषारोपपत्र ट्रकचालकावर आहे, हेल्मेटही होतं, तरी तुमचीही थोडी चूक होती हा मुद्दा कंपनी काढणार. २० टक्के चूक तुमच्यावर आली तर १४ चे सव्वाअकरा होतात. टक्केवारीही १० वरच अडली आणि चूकही आली, तर सव्वानऊ.

रिटर्नबद्दल एक बोलतोच. दुकानातून महिन्याला ४५ हजार सुटतात म्हणता, आणि कागदावर २० हजार. वाचलेला कर आज १५ च्या गुणकाने उलटा फिरलाय. जीएसटीची बिलं, बँकेचा उतारा लावून बघा, पण न्यायाधिकरण तुमच्याच सहीच्या रिटर्नाच्या फार वर जाईल यावर मी पैसे लावणार नाही.

आता वेळ. दावा दाखल होऊन चौदा महिने झाले. (अपघातानंतर चौथ्या महिन्यात दाखल केलात हे फार बरं केलंत. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, आणि “पाय बरा होऊ दे, मग बघू” म्हणणारे तिथे अडकू शकतात.) अजून दोन वर्षं लागतील असं धरू. दाव्याच्या तारखेपासून साधारण ६ ते ९ टक्के सरळव्याज मिळतं, मी ७ धरतो. तुमच्या उसनवारीचा दर १३ आहे, त्याच दराने दोन वर्षांनंतरची रक्कम आजच्या किमतीत आणली. १४ लाखांचे आजचे सव्वातेरा-साडेतेरा, सव्वाअकराचे पावणेअकरा, आणि सगळं उलटं गेलं तरी सव्वानऊचे पावणेनऊ. मी मांडलेल्यातला सगळ्यात वाईट निकालसुद्धा कंपनीच्या आठच्या वर आहे. कंपनी उच्च न्यायालयात अपिलात गेली तर आणखी वर्षं जातील, हा धोका आहेच. म्हणून मी १४ साठी हट्ट धरणार नाही. १३ मागा, व्याजासह सगळं मिळून साडेदहा-अकराला मिटत असेल तर मिटवा. त्याच्या खाली नाही.

आणि मिटवताना लक्षात ठेवा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. उद्या प्लेट काढायची वेळ आली, सांधा पुन्हा उघडावा लागला, तर तो खर्च तुमचा. सर्जनकडून पुढच्या ऑपरेशनचा अंदाज लेटरहेडवर घ्या आणि तडजोडीच्या आकड्यात तो धरा.

तुम्हाला आठ लाख गोड का वाटतात, ते मला पत्राच्या तिसऱ्या ओळीतच कळलं. पाटल्या. सणासुदीला घरात काय बोलणं होत असेल, ते मी समजू शकतो. पण हिशेब करा: २ लाख ६० हजारांवर १३ टक्के म्हणजे महिन्याला साधारण २८०० रुपये. एवढ्या रकमेच्या टोचणीपायी तुम्ही अडीच-तीन लाख सोडायला निघालात. सोनं राष्ट्रीयीकृत बँकेत हलवलंत तर दर ९-१० च्या आसपास येईल, महिन्याचे सातशे-आठशे तिथेच वाचतील. दागिने सोडवायची घाई आणि दाव्याची किंमत या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहू नका.

वकिलांच्या १५ टक्क्यांबद्दल. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची परवानगी नाही, तरी तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत ते चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. आठ लाखांवर १ लाख २० हजार होतात. वाईटपणा न घेता बसून ठोक फी ठरवा, तीही लेखी. बाकी तुमचे वकील कामाचे दिसतात, दावा वेळेत घातलाय, बदलू नका.

पैसे आले की आधी सोनं सोडवा. मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि वेल्डरची मजुरी बचत खात्यात बाजूला. मग मेडिक्लेमची रक्कम वाढवा. तीन लाखांचं कवच किती पुरतं ते तुम्ही भोगलंय. उरलेलं मुदत ठेवीत, वर्षभराने एसआयपीचं बोलू. न्यायाधिकरणाने काही रक्कम स्वतःच मुदत ठेवीत ठेवायला सांगितली तर चिडू नका. मेहुणा घरात असताना ती अट तुमच्या फायद्याचीच आहे. भरपाईची मूळ रक्कम म्हणजे उत्पन्न नाही, त्यावर कर नाही, आणि व्याजावरचा आयकर व टीडीएस काढून टाकायची घोषणा २०२६ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. तरी पॅन खात्याला जोडलेलं असू द्या.

प्लॉटला सध्या नाहीच म्हणा. पाय पूर्ण टेकत नाही, दुकानाची कमाई किती टिकते ते अजून दिसायचंय, आणि भागीदारीतला प्लॉट गरजेच्या दिवशी विकला जात नाही.

लोकअदालतीची तारीख जवळ आहे, तेव्हा या आठवड्यात दोनच कामं करा: सर्जनचा अंदाज आणि वेल्डरच्या मजुरीची वही. दोन्ही वकिलांच्या टेबलावर ठेवा आणि साडेदहाचा आकडा फक्त त्यांनाच सांगा. मेहुण्याला नको.