काझातल्या दोन खोल्या आणि ऑफिसचा मेडिक्लेम

बोरिवलीच्या एका वाचकाने विचारलंय: ‘वय ५४, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, निवृत्ती ५८ला. स्पितीत काझाजवळ होमस्टेच्या दोन खोल्या ३० लाखांना मिळताहेत. एजंट १२ टक्के भाड्याची खात्री देतो. एफडी मोडू की कर्ज काढू?’

दोन्ही नको. हिमाचलात जमीन कायद्याचं कलम ११८ आहे. तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. तुमचा संगमेश्वरचा सातबारा त्यासाठी चालत नाही. त्यातून लाहौल-स्पिती आदिवासी जिल्हा, तिथे बंधनं आणखी कडक. म्हणून तर एजंट खरेदीखताचं नाव न काढता मुखत्यारपत्र पुढे सरकवतोय. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ सालीच सांगून ठेवलंय.

आणि १२ टक्के कुठून येणार? काझा साडेतीन हजार मीटरच्या वर. मनालीच्या वाटेवरची कुंझुम खिंड हिवाळाभर बंद, नळ गोठलेले, पारा उणे वीसच्या खाली. खरा हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे १२० रात्री. दोन खोल्या, निम्म्या भरलेल्या, दीड हजार भाडं: १ लाख ८० हजार. चालवणाऱ्याने निम्मे घेतले की तुमच्या हातात ९० हजार, म्हणजे ३ टक्के. एफडी याच्या दुप्पट देते, तेही छतावरचा बर्फ न काढता.

मला धास्ती वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची: ‘मेडिक्लेम ऑफिसचा आहे, वेगळा काढला नाही.’ अहो, निवृत्तीबरोबर तो बहुधा संपतो! स्टेंट बसलेल्या माणसाला ५८व्या वर्षी नवी पॉलिसी कोण हसत देणार? आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, ती आता जास्तीत जास्त तीन वर्षं असते. आज घेतलीत तर ५७ला ती संपते, ऑफिसचं कवच असतानाच. निवृत्तीनंतर घेतलीत तर ६१पर्यंत हृदयाचा खर्च खिशातून. एचआरला विचारा, ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. नाहीतर दोन-तीन कंपन्यांकडे अर्ज करा. अँजिओप्लास्टी लपवू नका. ऐन वेळी क्लेम नाकारायला त्यांना तेवढंच पुरतं. हप्ता जड वाटेल. भरा. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी तरी आता शून्य आहे.

एफडीतले १० लाख दवाखान्यासाठी वेगळे ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका. स्पिती बघायचीच असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर सिमला-किन्नौरच्या वाटेने जा. मनालीपेक्षा ती लांब, पण चढ हळूहळू होतो.