खांद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी घरात कोणती तयारी करून ठेवावी?

तुमच्या उजव्या खांद्याच्या फाटलेल्या रोटेटर कफवर (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि ते हाडाला जोडणाऱ्या कंडरा यांवर) तीन आठवड्यांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया होणार आहे, आणि शस्त्रक्रियेपेक्षा त्यानंतर झोपणे, आंघोळ करणे, कपडे घालणे कसे जमेल याचीच तुम्हाला अधिक चिंता वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या खांद्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. मीही उजव्या हातानेच सगळी कामे करते, त्यामुळे तुमची चिंता मला नीट समजते. ती अनाठायी नाही. मात्र तिचा बराचसा भाग आत्ताच, दोन्ही हात चालत असताना, हलका करता येतो.

सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगते. शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी मी उजवा हात ओढणीने पोटाशी बांधला आणि अर्धा दिवस तशीच घरात वावरले. टूथपेस्टचे झाकण, औषधाच्या गोळीचे वेष्टन, पायजम्याची नाडी आणि केस बांधणे या चार गोष्टी एका हाताने होत नाहीत, हे त्या अर्ध्या दिवसात कळले आणि प्रत्येकीवर वेळीच उपाय शोधता आला. नाडीच्या जागी इलॅस्टिक आले, गोळ्या सुट्या करून रोजच्या कप्प्यांच्या डबीत भरल्या गेल्या आणि वरच्या फळीवरच्या रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आल्या. शौचानंतरची स्वच्छता उजव्या हाताच्या मदतीशिवाय, एकट्या डाव्या हाताने करण्याचा सरावही तेव्हाच सुरू करावा. हा विषय कोणी काढत नाही, पण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी तो समोर उभा राहतो आणि त्यासाठी दुसऱ्याची मदत घेणे बहुतेकांना जड जाते.

झोपेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मला सर्वाधिक त्रास तिचाच झाला. आडवे झोपल्यावर खांदा मागे ओढला जातो आणि ठणका वाढतो, म्हणून पहिले काही आठवडे अर्धवट बसलेल्या स्थितीत झोपावे लागते. मागे कलणारी आरामखुर्ची असेल तर उत्तम. नसेल तर पाठीमागे घट्ट उशांचा उतार करावा आणि गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी, म्हणजे अंग खाली घसरत नाही. तितकीच महत्त्वाची उशी कोपराखालची. कोपर शरीराच्या रेषेमागे गेले की सांधलेल्या भागावर ताण येतो, त्यामुळे बसलेले असताना मान खाली घालून आपले कोपर आपल्याला दिसले पाहिजे, असे माझ्या फिजिओथेरपिस्टने सांगितले होते, आणि ही खूण मला फार उपयोगी पडली. स्लिंग, म्हणजे हात गळ्यातून आधाराने अडकवून ठेवणारी झोळी, रात्रीही घालायची असते. अंथरुणातून उठताना ऑपरेशन झालेल्या हाताचा रेटा मुळीच घेऊ नये, म्हणून डाव्या बाजूने उतरता येईल अशी खाटेची मांडणी आधीच करून घ्यावी. या स्थितीत झोपण्याची सवयही चार-पाच रात्री आधीपासून लावून पाहावी.

कपड्यांचा नियम सोपा आहे: घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. पुढून पूर्ण उघडणारे, ढगळ बाह्यांचे कपडे तीन-चार तरी असावेत. जखम केव्हा भिजवता येईल हे सर्जनच सांगतील, पण काखेची स्वच्छता तोवर थांबवता येत नाही. त्यासाठी कमरेत पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडायचा, म्हणजे तो न उचलताच काख उघडते आणि ओल्या कपड्याने पुसून कोरडी करता येते. हे पहिल्यांदा मदतनिसाच्या देखतच करावे, कारण वाकल्यावर चक्कर येऊ शकते. न्हाणीघरात बसायला न डगमगणारे स्टूल आणि पायाखाली न घसरणारी चटई हवी. सांधलेल्या खांद्यावर पडणे हा सर्वांत मोठा धोका आहे.

भूल देताना बहुधा मानेजवळच्या मज्जातंतूंचा ब्लॉकही, म्हणजे हात बधिर करणारे इंजेक्शन, देतात. त्याच्या परिणामाने हात काही तास, कधीकधी पूर्ण दिवसभर, लाकडासारखा बधिर राहतो आणि दुखणे मुळीच जाणवत नाही. काहींचा आवाज बसतो किंवा त्या बाजूची पापणी जड होते. ब्लॉक उतरला की तेही जाते. मात्र धाप लागली तर ती अंगावर न काढता लगेच कळवावे. या बधिरपणावर विसंबून मी गोळी घेण्याचे टाळले, आणि मध्यरात्री ब्लॉक उतरला तेव्हा जो ठणका उठला तो आवरायला पहाट झाली. संवेदना परत येण्याआधीच वेदनाशामक सुरू असायला हवे, म्हणून नेमकी वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते, त्यावरचा उपायही त्याच वेळी विचारा. बर्फ नेहमी कापडातून आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच लावावा, कारण बधिर त्वचेला गारठ्याने झालेली इजा कळत नाही.

भरून येण्याचा काळ फाट किती मोठी आहे यावर ठरतो, पण साधारणपणे स्लिंग 4 ते 6 आठवडे असते, त्यानंतर हात स्वतःच्या बळाने हलवणे सुरू होते, ताकदीचे व्यायाम सुमारे 12 आठवड्यांनंतर येतात आणि जड कामांना 4 ते 6 महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. यात सर्वांत जपण्याचा टप्पा दुखणे कमी झाल्यानंतरचा आहे. कंडरा हाडाला जुळायला लागणारा वेळ आणि दुखणे थांबायला लागणारा वेळ यांचा मेळ नसतो. पाचव्या आठवड्यात टेबलावरून पडणारा पेला धरायला माझा हात आपोआप पुढे गेला. सुदैवाने काही बिघडले नाही, पण पुढच्या तपासणीपर्यंतचे दोन दिवस मी फार घाबरून काढले. तेव्हा ‘आता बरे वाटते’ म्हणून स्लिंग काढू नका. बोटे, मनगट आणि कोपर यांच्या हालचाली मात्र पहिल्या दिवसापासून, सांगितल्याप्रमाणे, चालू ठेवाव्यात.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा मधुमेह असेल तर ते भूलतज्ज्ञांना आत्ताच सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. धूम्रपान करत असाल तर ते आजच थांबवा, कारण त्याने कंडरा जुळण्याचे काम मंदावते. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

सर्जनना भेटाल तेव्हा स्लिंग नक्की किती आठवडे, वाहन केव्हा चालवता येईल आणि टंकलेखनासारखे बैठे काम केव्हा सुरू करता येईल, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. ताप, जखमेतून स्राव, वाढती लाली, पोटरीला सूज किंवा ब्लॉक उतरल्यावरही न जाणारा बोटांचा बधिरपणा यांपैकी काही आढळल्यास रात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांकही मागून घ्या. फिजिओथेरपीची पहिली वेळ शस्त्रक्रियेआधीच ठरवून ठेवा. मी ती नंतर मागितली आणि दहा दिवस वाट पाहावी लागली.