दुसऱ्याचा हरवलेला फोन उघडून गोष्ट शोधायची असे गेम खेळण्यासारखे असतात का? सुरुवात कोणत्यापासून करावी?

असतात, पण सगळे नाहीत. सुरुवात 'अ नॉर्मल लॉस्ट फोन'पासून करा. माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण माझा धंदाच दुसऱ्यांचे फोन उघडायचा आहे. जळगावला गोलाणी मार्केटात काम शिकलो, आता अमळनेरला मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. दुपारी दोन ते चार ऊन असं असतं की कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. हे सगळे गेम त्या दोन तासांत खेळलोय.

यात नक्की करायचं काय, ते आधी सांगतो. गेम सुरू केला की तुमच्या फोनची स्क्रीन म्हणजेच त्या दुसऱ्या माणसाचा फोन. पळायचं नाही, मारामारी नाही, स्कोअरही नाही. मेसेज, फोटो, मेल, कॅलेंडर असं सगळं समोर असतं. काही ॲप उघडी, काही कुलपात. कुलपाची किल्ली कुठल्यातरी मेसेजमध्ये सहज बोलल्यासारखी पडलेली असते. कुणीतरी 'हॅपी बर्थडे' म्हटलेलं असतं, त्याची तारीख दुसरीकडे पिन म्हणून लागते. दार उघडलं की आणखी मेसेज, आणि हळूहळू हा माणूस कोण होता ते कळत जातं.

लोक म्हणतात, असे पासवर्ड कोण ठेवतं? माझ्या दुकानात बसून बघा. फोन जमा करताना पावतीवर मी नऊ ठिपके काढतो, गिऱ्हाईक त्यावर पेनानं पॅटर्न ओढून देतं. बहुतेक वेळा एल नाहीतर झेड. पारोळ्याकडचे एक आप्पा आले होते. पिन विचारला तर म्हणाले, "पिन काय सांगाले? गाडीना नंबर शे!" आणि बाहेर लावलेल्या बुलेटकडे बोट दाखवलं. एमएच १९ नंतरची अक्षरं सोडली की पुढचे चार आकडे. चार आकड्यांचे पिन दहा हजार होऊ शकतात, पण माणसं जन्मसाल, लग्नाची तारीख आणि गाडीचा नंबर यांच्या बाहेर फारशी जात नाहीत. त्यामुळे गेममधला हा भाग मला अगदी खरा वाटतो.

खोटं वाटतं ते दुसरंच. गेममध्ये हवे तितक्या वेळा चुकीचा पिन टाका, कोणी अडवत नाही. खऱ्या फोनवर पाच-सहा वेळा चुकलात की थांबा म्हणतो, मग आणखी थांबा म्हणतो. आणि हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट असतो. पिन नसेल तर बोर्डवरून स्टोरेजची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर चढवली तरी आतलं काही वाचता येत नाही. 'सिम्युलाक्रा' नावाच्या गेममध्ये तर बिघडलेले मेसेज शब्दांचे तुकडे जुळवून दुरुस्त करायचे आणि फुटलेले फोटोही तसेच जुळवायचे. डेटा रिकव्हरी इतकी सोपी असती तर मी आतापर्यंत जळगावात बंगला बांधला असता.

'अ नॉर्मल लॉस्ट फोन' ॲक्सिडेंटल क्वीन्स या फ्रेंच मंडळींचा. २०१६ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये, म्हणजे ४८ तासांत गेम करून दाखवायच्या जत्रेत, त्याची पहिली आवृत्ती झाली. पूर्ण गेम जानेवारी २०१७ मध्ये आला. फोन सॅम नावाच्या अठरा वर्षांच्या पोराचा, घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाहीये. दोन-तीन तासांत संपतो. भूत नाही, खून नाही. बापाचे मेसेज आहेत, मित्रांचे आहेत, नात्यातल्या माणसांचे आहेत. एकच माणूस बापाशी एका भाषेत बोलतो आणि मित्राशी दुसऱ्या. त्या दोन भाषांमधल्या फटीत सगळी गोष्ट आहे. पुढे काय निघतं ते सांगत नाही, तुमचा गेम खराब होईल. एवढंच सांगतो, अर्ध्यावर मला लाज वाटायला लागली. कुलूप फोडायच्या नादात मी पोरगं काय म्हणतंय ते वाचतच नव्हतो, फक्त आकडे शोधत होतो. मग पहिल्या मेसेजपासून पुन्हा सगळं वाचलं. तुम्हीही तसंच करा, सुरुवातीपासून तारखेनं वाचत या.

ही लाज मला ओळखीची आहे. फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलला की टच, स्पीकर, कॅमेरा तपासावे लागतात. कॅमेरा उघडला की कोपऱ्यात शेवटचा फोटो बारीक गोलात दिसतोच. मी टेबलावरच्या निळ्या मॅटचा एक फोटो काढतो, म्हणजे त्या गोलात मॅट येते आणि आधीचा फोटो झाकला जातो. गिऱ्हाईक फोन घ्यायला आलं की त्याच्यासमोर तो फोटो डिलीट करतो. उस्तादानं शिकवलेली युक्ती आहे. पण त्या अर्ध्या सेकंदात जे दिसायचं ते दिसतं: सलाईन लावलेला हात, नव्या घराचा स्लॅब, कुणाच्या तरी उघड्या पोटावरच्या टाक्यांचा फोटो. विसरायचं ठरवूनही विसरत नाही.

एकदा रिक्षावाल्यानं सीटवर सापडलेला फोन आणून दिला. कोपरा फुटलेला, लॉक होता. मी चार्जिंगला लावून ठेवला, म्हटलं कोणाचा फोन आला की उचलू. रात्री बरोबर नऊला आला तो फोन नव्हता, अलार्म होता. स्क्रीनवर लिहिलेलं, 'आप्पांची गोळी'. बंद केला तर साडेनऊला दुसरा, 'आप्पा झोपले का बघणे'. त्या दोन ओळींतून मला अख्खं घर दिसलं आणि पिन माहीत नव्हता. दहाच्या सुमारास 'जिभाऊ ट्रॅक्टर' या नावानं कॉल आला, पलीकडून बाईचा आवाज, "मना फोन शे तो, भाऊ. कोठे सापडना?" मी पहिल्यांदा तिला अलार्म वाजल्याचं सांगितलं. ती म्हणाली, गोळी दिली. मी खेळलेल्या एकाही गेमला अलार्म वापरायचं सुचलेलं नाही, याचं अजून नवल वाटतं.

(तुम्हाला खरोखर कुणाचा फोन सापडला तर गेममधला शहाणपणा करू नका. चार्ज करा, कॉलची वाट बघा, नाहीतर पोलीस ठाण्यात द्या. आणि स्वतःचा हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक करता येतो. तो पंधरा आकडी नंबर आजच *#०६# दाबून कागदावर लिहून ठेवा, फोन गेल्यावर खोका सापडत नाही.)

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'सिम्युलाक्रा' मलेशियाच्या कायगन गेम्सचा, २०१७ चा. त्यांनीच आधी 'सारा इज मिसिंग' काढला होता. भीतीचा गेम आहे, व्हिडिओत खरी माणसं आहेत. मजा आहे, पण तिथे ती हरवलेली मुलगी मला माणूस कमी आणि कोडं जास्त वाटली. 'रेप्लिका' २०१६ चा, कोरियातल्या सोमी नावाच्या डेव्हलपरचा. त्यात तुम्हाला कोंडून ठेवलंय आणि एक सरकारी माणूस म्हणतो, या अनोळखी पोराच्या फोनमधून दहशतवादाचा पुरावा काढ. इथे वाचायचं की नाही हाच प्रश्न आहे, आणि एखादी थट्टा वाईट नजरेनं वाचली की कशी गुन्हा दिसते ते हा गेम तुमच्याच हातून करून दाखवतो. 'अ नॉर्मल'नंतर मी हाच घेईन.

'बरी मी, माय लव्ह' थोडा वेगळा. फोन तुमचाच, बायको सीरियातून युरोपकडे निघालीय आणि तिचे मेसेज येत राहतात. चुकीचा सल्ला दिला तर वाट बदलते, एकूण १९ शेवट आहेत. 'हर स्टोरी' (२०१५) मध्ये फोन उघडायचा नाही, पोलिसांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बाईच्या जबानीच्या व्हिडिओचे तुकडे शोधायचे. शब्द टाकला की तो शब्द असलेले पहिले पाचच तुकडे दिसतात, म्हणून नेमका शब्द सुचणं हीच कसोटी. बसून डोकं लावायची सवय असेल तर अप्रतिम.

अडचण एकच, इंग्रजी भरपूर वाचावं लागतं आणि तेही पोरापोरांच्या बोलण्यातलं. माझंही अडतं. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली तेव्हा भाचीला शेजारी बसवून 'अ नॉर्मल' दुसऱ्यांदा खेळलो. ती अकरावीला आहे. मला तासभर लागलेला पासवर्ड तिला दहा मिनिटांत सापडला, कारण ती आकडे शोधत नव्हती, सॅमच्या मैत्रिणीवर चिडत होती. शेवटाला एक गोष्ट करावी लागते, ती मी सांगणार नाही. तिथे येऊन ती थांबली. पंख्याखाली आमरस खाल्लेले हात तसेच, अंगठा स्क्रीनच्या वर धरलेला.

"मामा, दाबू?"

मी म्हटलं, तुझं तू ठरव. बराच वेळ तशीच बसली. मग उठून हात धुऊन आली आणि दाबलं.