लेआउटचा व्हिडिओ: आधी कॅमेरा खाली आणा

तुमच्या मॉडेल रेल्वेचा व्हिडिओ पाहिला. लेआउट, म्हणजे टेबलावरची रूळ-स्टेशनांची मांडणी, छान जमलाय, पण सगळं चित्रण उभ्यानं, वरून केलंय. त्यामुळे गाडी खेळण्यातली वाटते. तुमचं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे १:८७, खऱ्या रेल्वेच्या ८७ पट लहान. या मापात फलाटावर उभ्या माणसाचे डोळे फलाटापासून जेमतेम १८ मिलिमीटर उंचीवर येतात. लेन्स तिथं न्या. फोन उलटा, म्हणजे कॅमेरा खालच्या टोकाला येईल असा, टेकवला की काम भागतं. मग बघा, तेच डबे कसे अंगावर येतात ते! फोकस मात्र आधीच रुळाच्या एका जागी लॉक करा, नाहीतर इंजिन जवळ आलं की फोन गोंधळतो.

दुसरं, वेग. ताशी ६० किलोमीटर म्हणजे तुमच्या टेबलावर सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर. म्हणजे एक मीटरला पाच सेकंद तरी लागायला हवेत. तुमची मालगाडी तर राजधानीला मागे टाकतेय. घाट केलाय ना, कर्जत-लोणावळ्यासारखा? मग मागून रेटणारी बँकर इंजिनं दाखवा, गाडी दमत चढू द्या. आणि ती चौकटीत शिरण्याआधी दोन-तीन सेकंद नुसता रूळ दिसू दे; गाडीची वाट बघायला लोकांना आवडतं.

दिव्यांमुळे चित्र लुकलुकत असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पार्श्वसंगीत नको हो, सांध्यांची खडखड पुरे. डब्यावर चिकटलेला कापसाचा तंतू क्लोजअपमध्ये दोरखंडासारखा दिसतो, तेव्हा चित्रणाआधी मऊ ब्रश फिरवाच.