अक्कलदाढ काढल्यावर वेदनाशामक गोळी भूल उतरण्याआधी घ्यावी की दुखायला लागल्यावर? शस्त्रक्रियेच्या आधीच घेतली तर चालते का?

भूल उतरण्याआधी. या प्रश्नावरून आमच्या घरात भांडण झालेले आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या धाकट्या भावाची खालची आडवी रुतलेली दाढ हाड कोरून काढावी लागली. घरी आला तेव्हा ओठ आणि अर्धी जीभ बधिर असल्याने स्वारी खुशीत होती. तोंडातला बोळा काढल्यावर मी गार दूध देऊन चिठ्ठीतली गोळी पुढे केली, तर काका म्हणाले, "दुखत नाही तर गोळी कशाला? उगाच पोटात विष." भावाला तेवढेच निमित्त पुरले. रात्री भूल उतरली तेव्हा त्याला जबडा उघडवेना. "गोळी कुठे आहे" असे मोबाइलवर लिहून त्याने माझ्यापुढे धरले. काका तोवर लवंगेचे तेल शोधत होते.

लिडोकेनच्या भुलीने ओठ साधारण तीन ते पाच तास बधिर राहतो, पण हाडाला इजा झाल्यापासून प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणे आणि सूज आणणारे रसायन, तयार होतच असते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक ते नव्याने तयार होणे रोखते, तयार झालेले पुसून टाकत नाही, आणि गोळी लागू पडायला अर्धा ते एक तास जातो. म्हणून बधिरपणा असतानाच ती पोटात गेलेली बरी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, तोवर चिठ्ठीतल्या वेळा घड्याळ बघून पाळाव्यात. हे दुखणे इतके हमखास असते की नव्या वेदनाशामकांच्या चाचण्या अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच घेण्याची जुनी पद्धत आहे, तेव्हा इथे सहनशक्तीच्या गप्पा कोणी सांगू नयेत. स्वतः काका गुडघ्याची गोळी जिना चढण्याआधी घेतात.

शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायची की नाही, हे दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये, हे सांगायचे राहिले. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे वर क्रोसिन घेताना दोन्हींतल्या पॅरासिटामॉलची बेरीज करावी. निरोगी प्रौढालाही दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा आहे. कमी झालेले दुखणे तीन-चार दिवसांनी पुन्हा उसळले, तर गोळ्या न वाढवता दवाखाना गाठावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला तेव्हाही घेऊ नये.