परीक्षा निर्दोष असली तरी

प्रश्न : देशाचे राज्यकर्ते आणि वरिष्ठ अधिकारी मोजक्याच नामवंत शिक्षणसंस्थांतून येतात, अशी टीका नेहमी वाचनात येते. परंतु तेथील प्रवेशपरीक्षा सर्वांना खुली असेल आणि तीत वशिला चालत नसेल, तर बिघडले कोठे? अशी संस्था बंद करून काही साधते का?
— एक वाचक

उत्तर : वशिला चालत नाही, हे आपले गृहीतक मी पूर्णपणे मान्य करतो, कारण खरी गोम तेथेच आहे. वशिल्याने मिळालेल्या खुर्चीकडे लोक संशयाने पाहतात. परीक्षेने मिळालेली खुर्ची मात्र हक्काची ठरते, आणि ती हुकलेला उमेदवारही व्यवस्थेला नव्हे, स्वतःलाच बोल लावतो.

फ्रान्समध्ये १९४५ साली राष्ट्रीय प्रशासन विद्यालय स्थापन झाले, ते वशिलेबाजी मोडण्यासाठीच. त्यापूर्वी वरिष्ठ सेवा आपापली स्वतंत्र भरती करीत आणि ठरावीक घराण्यांतील मुलांना तेथे सहज शिरकाव मिळे. नव्या विद्यालयाची लेखी परीक्षा कठोर होती. परंतु तिच्यानंतर, बघ्यांनाही खुली असलेली, तोंडी परीक्षा असे. तिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. ‘व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीची खोली किती?’ असे परीक्षकाने विचारताच उमेदवाराने शांतपणे प्रतिप्रश्न केला, ‘कोणत्या पुलाखाली?’ गोष्ट खरी असो वा नसो, तिचे कौतुक कशासाठी होते ते पाहण्यासारखे आहे. खोलीचा आकडा पाठ करता येतो. मोठ्या माणसांसमोर न बिचकता त्यांच्याच सुरात बोलणे मात्र ज्या घरी अशी माणसे रोज जेवायला असतात, तेथे लहानपणीच अंगवळणी पडते. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी या घरच्या शिदोरीला सांस्कृतिक भांडवल म्हटले. परीक्षक तिला ‘व्यक्तिमत्त्व’ समजून गुण देतो, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे.

पुढे विद्यालयातून बाहेर पडताना लागणाऱ्या क्रमांकावर नेमणूक ठरे. पहिल्या पंधराएक जणांसाठी वित्त निरीक्षणालय, राज्य परिषद आणि लेखा न्यायालय या सर्वांत प्रतिष्ठेच्या सरकारी संस्थांची दारे उघडत, आणि पंचविशीतला तो क्रमांक आयुष्यभर सोबत करी. जिस्कार देस्तँ, शिराक, ओलांद आणि माक्रों हे चार राष्ट्राध्यक्ष याच विद्यालयाचे.

इंग्लंडमधील ईटनची कथा जुनी आणि, खरे सांगायचे तर, अधिक उघडीवाघडी आहे : १४४० साली राजा सहाव्या हेन्रीने गरीब मुलांसाठी काढलेली शाळा पुढे धनिकांची झाली आणि तिने देशाला वीस पंतप्रधान दिले. तेथे निदान शुल्क डोळ्यांना दिसते.

राहिला बंद करण्याचा प्रश्न. इंधनावरील कर आणि विषमता यांविरुद्ध फ्रान्समधील सामान्य लोकांनी केलेल्या ‘पिवळी जाकिटे’ आंदोलनानंतर माक्रों यांनी, म्हणजे माजी विद्यार्थ्यानेच, हे विद्यालय २०२१च्या अखेरीस बंद केले आणि २०२२च्या आरंभी त्याच्या जागी नवी संस्था उभी राहिली. वंचित स्तरांतील उमेदवारांच्या पूर्वतयारीसाठी वेगळे वर्गही निघाले आहेत, आणि ते स्वागतार्हच आहेत. परंतु प्रवेश अजूनही स्पर्धापरीक्षेनेच होतो, आणि त्या वर्गांतील मुलामुलींना एक-दोन वर्षांत जे शिकायचे असते, ते इतरांनी वीस वर्षे घरीच ऐकलेले असते.